मेनूतली वरची ओळ

प्रिय आप्पा,

हे तुमच्याच दुकानात, तुमच्याच कॉम्प्युटरवर टाइप करते आहे. पण तुमच्या विंडोजमध्ये नाही. काल मी त्याच्यात दुसरी सिस्टिम टाकली, लिनक्स. तुम्हाला न विचारता या मशीनला मी कधी हात लावला नव्हता, म्हणून कळवते.

दादा म्हणत होता, हा डबा भंगारात द्या. तुमच्या विंडोजमध्ये आता बँकेची साइटही उघडत नाही आणि आईला तर दुकान चालवायचंय. मी सगळं पुसून लिनक्सच टाकणार होते. तेवढ्यात मढचे एक पाव्हणे आले. "आप्पांनी थोरलीची पत्रिका केली व्हती. धाकटीला तश्शीच पायजे." आईने मला न विचारता हो म्हटलं. ती लग्नपत्रिका तुमच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधली. त्याच्याबाहेर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

म्हणजे एकाच डिस्कवर दोन्ही सिस्टिम हव्यात.

फायलींना काय नावं दिलीत हो? 'लग्न नवीन', 'लग्न नवीन खरं', 'हेच घ्या'. त्यांची कॉपी काढली. पण त्या सॉफ्टवेअरची सीडी कुठे ठेवलीत, तेवढं सांगून जायचं होतं. ते गेलं असतं तर परत टाकता आलं नसतं.

लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला, तर मशीनला दिसेचना. पोर्टमध्ये पाहिलं, तर कुंकू. दर खंडेनवमीला तुम्ही बोट भरून लावायचात, ते नेमकं तिथेच. ब्रशने साफ करत बसले. रागवायचं तरी कुणावर?

मग लिनक्सला जागा व्हावी म्हणून डिस्कवरची तुमच्या विंडोजची जागा कमी करायची होती. मध्येच लाइट गेली तर संपलंच. शेजारच्या झेरॉक्सवाल्यांचा इन्व्हर्टर मागून आणला. आई मागे उभी. "त्यांचं काय जाणार न्हाई ना गं?"

"नाही," मी म्हटलं. खात्री नव्हती.

मशीन पुन्हा सुरू झालं. कोणती सिस्टिम हवी, असं विचारणारा मेनू आला. "वर कोण हाय?" आईने विचारलं.

"नवीन."

"त्यांचं वर घे."

घेतलं. तांत्रिक कारण काही नाही. विंडोजचं नाव काढून तिथे 'आप्पा' लिहिलं. मेनूत देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत.

पत्रिका उघडली. एक वेलांटीही हललेली नव्हती.

आज पाव्हणे आले. एक नाव राहिलं तरी भावकी रुसते, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकासमोर प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचात. मीही वाचायला लागले. त्यांच्या वडिलांच्या नावापाशी त्यांनी थांबवलं. "म्हातारं गेलं औंदा. कैलासवासी लावा."

लावलं. पुढचं नाव वाचायचं सोडून तोच शब्द पुन्हा पुन्हा तपासत बसले.

"दमानं घ्या, ताई," पाव्हणे म्हणाले. "आप्पा बी मधीच थांबून पाणी प्यायचे. लई नावं हायेत आमच्यात."

ते गेल्यावर आईने हळूच विचारलं, "त्या मेनूत त्यांच्या नावाआधी कैलासवासी न्हाई ना लावलंस?"

नाही लावलं, आप्पा.

तुमच्या बाजूला नेट कधी जोडणार नाही. जुन्या सिस्टिमला ते झेपत नाही. तिथे फक्त पत्रिका होतील. आणि सगळी नावं मोठ्याने वाचल्याशिवाय एकही पत्रिका छपाईला जाणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
वैशू