बबन, तुझी पाटी काढली

प्रिय बबन,

मेलेल्या माणसाला पत्र लिहायची मला हौस नाही. पण काल तुझ्या पिकअपच्या तोंडावरून तुझा फोटो मी काढायला लावला. कोणीतरी डोळे पुसत तुझ्या तसबिरीपुढे चहाडी करण्याआधी ते माझ्याकडून ऐक.

रागावलास? रागाव.

तो फोटो तिथे गेला कसा, ते तुला कुठे माहीत! तुझ्या दहाव्याला तलावावर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तुझी सुषमा हात जोडून म्हणाली, "मी घर सांभाळीन, काळजी करू नका." कावळा ढिम्म. मग तुझा जिगरी दोस्त मन्या मेकॅनिक ओरडला, "बबन्या, गाडीवर तुझा फोटो लावतो रे! एकदम पुढे लावतो, सगळ्या गोरेगावला दिसेल!" आणि कावळा आला!

सगळे गहिवरले. पलीकडच्या पिंडाजवळची माणसं तेव्हाच उठली होती आणि कावळ्याचं तिथलं खाऊन झालं होतं, हे फक्त मी पाहिलं. पण शोभलं तुला. बायको घर सांभाळते म्हणाली तेव्हा नाही, फोटो म्हटल्यावर शिवलास!

मन्याने शब्द पाळला. पुढच्या जाळीवर हातभर रुंद स्टीलची पाटी. गॉगल घातलेला तू, गळ्यात चेन, खाली 'बबनशेठ सदैव सोबत'. कोणाच्या सोबत रे?

आता गाडी सुषमा चालवते. तू असताना तिला स्टिअरिंगला हात लावू दिलास का? "बायकांनी गाडी काढली की रस्ता घाबरतो," म्हणायचास आणि स्वतःच हसायचास. लायसन तिच्याकडे लग्नाआधीपासून होतं. गुडघा दुखतो म्हणून तू ऑटोमॅटिक गाडी घेतलीस, तेवढा तुझा गुडघा तिच्या कामी आला. मागे जनरेटरची ट्रॉली जोडून ती भांडुपहून गोरेगावला शूटिंगवर जाते. घर त्यावरच चालतं.

तर त्या स्टुडिओच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली. इंजिन ओरडतंय, चाक हलत नाही, जळक्या तेलाचा वास. दुसऱ्या वेळी तर ट्रॉलीने गाडीला मागे खेचलं. लाइटवाल्यांनी धावत येऊन चाकांखाली दगड टाकले म्हणून थांबली. सुषमाने घरी येऊन आधी मन्याला बोलावलं.

मन्याचं निदान काय असेल? "ताई, गाडीला दुःख झालंय. मालक गेला ना. मुकी असते बिचारी." त्याने चाकापुढे नारळ फोडला!

"मन्या," मी म्हटलं, "गाडी मुकी आहे ना? तूही जरा हो."

दुःख कसलं! ओझं ओढताना ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल तापतं. ते थंड करायला जाळीमागे एक छोटा कूलर असतो, त्याला समोरून वारा लागतो. ट्रॉलीसाठी तो पुरत नाही, मोठा बसव, असं मन्यानेच तुला दोनदा सांगितलं होतं. तू काय बसवलंस? टपावर सहा लाइट आणि सीटमागे स्पीकर! आणि उरलासुरला वारा यायचा, त्याच्या वाटेत आता कोण उभं? शेठ! गॉगल लावून!

काल गॅरेजमध्ये मन्याने मोठा कूलर आणला, नवे पाइप आणले, आणि पाटीजवळ येऊन थांबला.

"दिलेला शब्द आहे, ताई. मेलेल्या माणसाच्या तोंडावर पाना नाय चालवायचो मी."

"मग कूलर कुठे लावतोस? टपावर?"

"बाजूला बसवू ना."

"आणि तिथे वारा कोण घालणार? तुझा काका?"

सुषमा मध्ये पडली. "राहू दे ना, वन्सं. हे बरोबर आहेत असं वाटतं."

मी म्हटलं, "जिवंत असताना कधी होता तुझ्याबरोबर? ट्रॉली मागे आली तेव्हा हात दिला त्याने? उलट तोच तुला मारायला निघाला होता."

"ताई!" मन्या किंचाळला.

सुषमा रडली नाही. तिने मन्याच्या हातातून पाना घेतला आणि एकेक नट काढला. शेवटचा निघेना, तेव्हा पाटीवर पाय टेकून जोर लावला. पाय, बबन! तुझ्या गॉगलवर!

भाऊ म्हणून तू वाईट नव्हतास. माझ्या बी.एस्सी.च्या प्रत्येक पेपरला तू कॉलेजच्या गेटवर वडापाव घेऊन उभा असायचास, सुटल्यावर मी उपाशी राहू नये म्हणून. तो मुलगा नवरा झाल्यावर कुठे गेला? लग्नाच्या बायकोला एवढं लहान करून ठेवायची काय गरज होती तुला?

आज मी तिच्या शेजारी बसून गेले. चढाच्या मध्यावर तिने मुद्दाम गाडी थांबवली. "बघू या, वन्सं." ब्रेक सोडला. गाडीने ट्रॉली उचलली आणि सरळ वर नेली. वास नाही, धाप नाही. मी पाठ थोपटायला हात उचलला, तर ती म्हणाली, "उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुम्ही शेजारी बसलात की हेच बसल्यासारखे वाटतात."

नाक आपलं एकच ना!

पाटी मी माळ्यावर ठेवली आहे, पालथी. मन्या म्हणतो, तुझा आत्मा भटकेल. भटकू दे. तुला फिरायची आवड होतीच.

आता माझं वचन ऐक. कावळा वगैरे नको, तू नुसतं ऐक. गाडी मी सुषमाच्या नावावर करून देणार. ती चाळिशीची आहे, हसते तेव्हा बरी दिसते, आणि हल्ली हसते. उद्या तिने दुसरं लग्न करायचं ठरवलं, तर आपल्या घरातून पहिली अक्षता मी टाकीन.

तुझी,
ताई