तुमच्या डुकरांच्या गेमचा शेवट मी पाहिला

अहो वर्षाचे पप्पा,

तुमची गेमची मशीन मी उघडली. पेचकसने. ऐकून वरती घाबरला असाल, म्हणून लिहितेय. मशीन चालू आहे, जीव खाली ठेवा!

चूक माझी नाही, तुमच्या लाडक्या बहिणीची आहे. तुमचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरचा हा पहिला दसरा. शोभाताई आल्या पूजेला. मी विळा, कुदळ, शिलाई मशीन मांडली. त्या म्हणाल्या, "वहिनी, दादाचं हत्यार राहिलं नं!"

"ताई, ते हत्यार नाही, खेळणं आहे."

"त्याचा जीव होता त्याच्यात. पूजा तर होणार!"

आणि अशी पूजा केली म्हणता! प्रत्येक बटनाला हळद-कुंकू, वरून तांदूळ, वरून फुलाने पाणी. नंतर मी मशीन लावली, तर गेममधली बाई नुसती डावीकडेच चालायची. भिंतीला डोकं लावून चालतच राहिली.

शोभाताई हात जोडून म्हणतात, "दादा नाराज झाला वाटतं."

मी म्हटलं, "दादा नाही, बटन नाराज झालं!"

खरं सांगू? मला रडूच आलं. कारण दुपारचं जेवण झालं की मी तोच गेम खेळते. तुम्ही होता तेव्हा कधी हात लावला नाही. तुमच्यासमोर हरून कोण हसं करून घेणार? पण तुम्ही म्हणाला होता, "मंदा, याचा शेवट बघशील तर मानशील मला." शेवट काय ते मात्र सांगितलं नाही. एवढं पोटात ठेवून कोणी जातं का हो?

आणि गेलात पण कसे! आयुष्यभर बिजलीच्या तारांशी खेळलात आणि साधे झोपेत गेलात. करंट लागूनच जाल म्हणणाऱ्या अख्ख्या लोधीपुरा मोहल्ल्याचा अंदाज चुकवला!

बिजली ऑफिसातून रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात. तुम्ही माझा चांगला चालता कूलर रिकामा केला, त्यात जुना टीव्ही घुसवला. का, तर तरुणपणी व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन खेळायचात तसली मशीन घरी पाहिजे. मग मोबाईलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकलात. गेम कोणता? माझ्या माहेरची, फोपनारची केळीची बाग, त्यात रानडुकरं, आणि काठी घेऊन मागे पळणारी मी! कंबर तर किती रुंद काढली! विचारलं तर म्हणे, "अगं, लांबून दिसायला पाहिजे नं."

तर आता मशीन ठप्प. वर्षाला इंदोरला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आधी प्लग काढ!"

"काढला गं बाई. एवढ्यात तुझ्या बापाकडे नाही जायचंय मला."

बटनाखालून तांदूळ निघाले, मूठभर नाही पण चिमूटभर तरी. कुंकवाचा चिखल निघाला. एक तार सुटलेली. तुमचं ते गरम टोकाचं सोल्डरिंग मी मेहंदीच्या कोनासारखं धरलं. बोट भाजलं, तुम्हाला शिवी दिली, तार चिकटली! बाई उजवीकडे चालली तेव्हा शोभाताईंनी टाळ्या वाजवल्या.

मग त्या हलल्याच नाहीत. बाजूला बसून ओरडत होत्या, "वहिनी, डुक्कर! मागून डुक्कर!" मी सगळी डुकरं पळवली. बाईने केळीचा घड डोक्यावर घेतला. बाग संपली, आणि समोर काय? आपलं घर! आपलंच हिरवं दार!

बाई दारात उभी राहिली. मी थांबले. दार उघडेना. सगळी बटनं दाबली. काही नाही.

वर्षाने मला सांगून सांगून प्रोग्राम स्क्रीनवर उघडायला लावला आणि कॉलवरूनच बघितला. वरून खालपर्यंत दोनदा चाळला. मग म्हणाली, "आई, दार उघडायचं पप्पांनी लिहिलंच नाही. राहून गेलं त्यांचं."

अहो, असं करतात का? एवढा घड डोक्यावर, आणि मला दारात उभी करून निघून गेलात?

शोभाताई पदराने डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "रडता काय, तुमच्या दादाचं एक काम कधी पूर्ण झालंय?" आणि मग मीही पुसले.

पण ऐका. रविवारपासून वर्षा मला फोनवर प्रोग्राम लिहायला शिकवतेय. फोपनारच्या शाळेत शिकले म्हणून हसू नका. काल मी दोन ओळी लिहिल्या आणि गेममधल्या बाईने हात वर केला! ते दार मी उघडणार, तुम्हाला वचन देते. आतून तुम्ही याल, बनियनवर, आणि माझ्या डोक्यावरचा घड उतरवून घ्याल. कधी मी बाजारातून आले तर हातातली पिशवीसुद्धा घेतली नाहीत. आता मी लिहीन तसंच वागावं लागेल!

तोपर्यंत दारातच उभी असलेली,
तुमची मंदा