पेन्सिलबाई आणि माझं अकरा ओळींचं वाक्य

४ मार्च, सकाळ
गाइड सरांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण परत पाठवलं. दोनदा वाचूनही काही कळलं नाही म्हणाले. कळेल असं काही महिनाअखेरपर्यंत दिलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. वर विद्यापीठाच्या लेखन-मदत केंद्रात जाऊन इंग्रजी दाखवून घ्या, असा सल्ला. शाळेत इंग्रजी निबंधात पहिला आलेल्या माणसाला. असो. दोन-चार कॉमा इकडचे तिकडे झाले असतील. पाच मिनिटांचं काम.

६ मार्च
केंद्र म्हणजे लायब्ररीमागची एक खोली, दोन टेबलं, एक सुकलेली कुंडी. तिथल्या बाई फक्त पेन्सिल वापरतात. मी मनात त्यांना पेन्सिलबाई म्हणतो. पद्धत अजब. दुरुस्त काहीच करत नाहीत, आपलं लिखाण आपल्यालाच मोठ्याने वाचायला लावतात. माझं पहिलं वाक्य अकरा ओळींचं आहे. सातव्या ओळीला दम लागला. बाईंनी पाणी दिलं. त्या खोलीत हवा कमी आहे, तक्रार करायला हवी.

९ मार्च
उपाय सापडला. उद्यापासून लिफ्ट बंद, रोज जिना. फुप्फुसं सुधारली की वाक्य एका दमात जाईल. वाक्याला हात लावायची गरज नाही.

१० मार्च
लिफ्टने गेलो. गुडघा.

१३ मार्च
वाक्य दोन दमांत पार. प्रगती आहे. बाईंनी विचारलं, यातून सांगायचंय काय? म्हटलं, तेच तर लिहिलंय. मग म्हणाल्या, घरी बोलता तसं मराठीत सांगा. इतक्या खोल विषयाला घरगुती भाषा झेपत नाही, हे मी त्यांना समजावलं. त्या हटेनात. शेवटी पिच्छा सोडवायला सांगून टाकलं, की बागेतल्या लांब बाकावर माणसं कडेला बसतात, मधली जागा रिकामी राहते, म्हणून छोटे बाक ठेवावेत. बाई पेन्सिलीने काहीतरी खरडत होत्या. कंटाळल्या असाव्यात.

१८ मार्च
पेन्सिलबाईंचा फोन. नव्या विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत माझा पहिला परिच्छेद पडद्यावर दाखवला तर चालेल का? नाव झाकू म्हणाल्या. मी म्हटलं, नाव दाखवाच, त्यात लाजायचं काय. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? भारावल्या असणार.
बायकोने विचारलं, नक्की तुझाच परिच्छेद? हिला माझं कौतुक म्हणून नाहीच. सासऱ्यांनाही बोलावलंय. जावई नेमकं करतात काय, हे ते लग्नापासून विचारतायत. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

२० मार्च
सरांचा मेसेज, प्रकरणाचं काय झालं. उद्या कार्यशाळेलाच या, एवढं कळवलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत.

२१ मार्च, संध्याकाळ
बघितलं सगळ्यांनी.
पडद्यावर डावीकडे माझा परिच्छेद. वर मोठ्या अक्षरांत ‘आधी’. उजवीकडे ‘नंतर’, आणि खाली तीन ओळी. मी तेरा तारखेला जे बोललो तेच, सोप्या इंग्रजीत. दोन्हीखाली माझं नाव, माझ्याच आग्रहाने. एका मुलीला पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. तिलाही सातव्या ओळीला दम लागला. हॉलभर हशा. सासरे चष्मा पुसून उजवी बाजू वाचत होते. मग बायकोच्या कानात म्हणाले, एवढंच होय, मला वाटायचं जावई काहीतरी लपवतायत.
जाताना सर म्हणाले, सगळं प्रकरण उजवीकडच्यासारखं लिहून आण, रजिस्ट्रेशन राहील. हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार लाजही वाटली. पेन्सिलबाईंनी मात्र येत्या सोमवारची वेळ देऊन ठेवली.
बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता. मी एका कडेला बसलो, सासरे दुसऱ्या. माझ्या संशोधनाप्रमाणेच. मनातल्या मनात थोडा सावरलो.
तेवढ्यात बायको आली आणि बरोबर मधोमध बसली. म्हणाली, तू काय करतोस ते आज पहिल्यांदा कळलं, छान आहे.
निष्कर्ष पुन्हा तपासावा लागणार.