मामांच्या पेशी

४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी आभार. दंडावरचा टिकलीएवढा कातडीचा तुकडा तुम्ही दिलात, म्हणून तर माझं काम उभं राहिलं. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘मामांच्या पेशी’च म्हणतात. सकाळी आल्या आल्या मला विचारतात, मामा बरे आहेत ना?

गेल्या महिन्यात मी नाचत नाचत कळवलं होतं, की औषध चाललं. आजीकडून आपल्याकडे आलेल्या दोषामुळे पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया स्वतःच्याच धगीने होरपळतात, आणि तुमच्या डोळ्यांच्या नसा सुकतात. ही धग शमवणारं साधं अँटिऑक्सिडंट पेशीभर विखुरतं. आमच्या औषधाला जोडलेल्या शेपटीमुळे ते थेट मायटोकाँड्रियात ओढलं जातं. औषध घातलेल्या बशांत दुप्पट पेशी जगल्या होत्या.

मामा, आता कान धरते. तुमच्या पेशी औषधाने वाचाव्यात या ओढीने मी औषधाच्या बशा जपून उबदार कपाटात अगदी आत ठेवत होते, आणि बिनऔषधाच्या दारापाशी. दार दिवसातून वीसदा उघडतं. दारातल्या पेशींना गार वारा लागला, आतल्यांची चंगळ झाली. दुसऱ्या कुणाच्या पेशी असत्या तर मी असले लाड केले नसते! तेव्हा तो ‘दुप्पट’ खरा धरू नका. सगळं पुन्हा करते आहे. माफ करा.

तुमची,
ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मी सांगतोय, मामी लिहितेय. तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. आमच्या पेशींची विचारपूस होते हे ऐकून दोन घास जास्त गेले. दुप्पट म्हणजे काय चेष्टा आहे का गं? शाब्बास!

सध्या घड्याळ समोर धरलं की मधोमध डाग, कडेचे आकडे तेवढे दिसतात. घड्याळदुरुस्तीच्या वर्गावर शिकवायला या म्हणून बोलावणं आलंय. हाताला आणि कानाला कळतं तेवढं पुरे, म्हणतात. महिनाअखेरीस उत्तर हवंय. मी नाही कळवणार. वर्षभरात डोळे परत येणार असतील, तर दुकानातलं टेबल सोडून फळ्यापुढे कशाला उभा राहू?

मामी आज का कोण जाणे गप्प गप्प आहे. (मी गप्प नाही. मामी.)

जेवत जा वेळेवर. पत्रांचा खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
मामा

१९ मार्च

ती. मामीस,
सा. न.

मामी, माझा कान धरलेला भाग तू मामांना वाचलाच नाहीस ना? रागावले नाहीये गं. तुझ्या जागी मीही तिथे पान उलटलं असतं. पण मामा माझ्या चुकीच्या भरवशावर हातची नोकरी घालवायला निघालेत. हे पत्र मात्र त्यांना शेवटपर्यंत वाच. माझी शपथ.

मामा, प्रयोग पुन्हा केला. या वेळी बशांच्या जागा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ठरवल्या आणि कुठली कुठे आहे ते मला मोजणी होईपर्यंत सांगितलं नाही. औषधाने फरक पडतो, पण दुप्पट नाही. शंभर पेशी जगायच्या तिथे सव्वाशे. तेही बशीत. माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचायला वर्षं लागतील, आणि कदाचित पोचणारही नाही. गेलेली नजर तर यातून येईल असं मी म्हणूच शकत नाही. नोकरीला हो म्हणा, मामा.

तुमची लाडकी आणि घाबरलेली,
ठमी

२७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितोय. मामी मध्ये काही गाळेल म्हणून नव्हे, तिला आज वर्गासाठी माझा सदरा इस्त्री करायचाय. पट्टी ठेवून लिहितो, तरी ओळी घसरतील.

दोन दिवस मी धुमसत होतो. तुझ्यावर नाही, डोळ्यांवर रागावलो होतो. मामी रडली, मग मीही रडलो, आणि फार दिवसांनी आम्ही पोटभर जेवलो. अगं, आमच्या घरात माझ्याशी खरं बोलणारी तू एकटीच उरली होतीस. बाकी सगळे मला सांभाळून घेत होते. तुझे उपकार कसे फेडू?

नोकरीला हो कळवलं. काल पहिला तास झाला. बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरून दोष सांगितला, तर सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा! अंगावर मूठभर मांस चढलं बघ.

आता एक ऐक. हा दोष माझ्या आईकडून तुझ्या आईकडे गेला, आणि तिच्याकडून तुझ्याकडे आलाय. तुझे डोळे आज चांगले आहेत, ते तसेच राहोत. माझ्यासाठी धावपळ करू नकोस. सावकाश कर, बशा नीट ठेव. सव्वाशेतले ते वरचे पंचवीस मी माझे धरलेच नाहीत, ते तुझे. दुसरा तुकडा लागला तर डावा दंड मोकळा आहे, कधीही ये.

आमची माया आहेच. ती मोजायला बशा मांडू नकोस.

तुझा,
मामा