लिहिणाऱ्याने आधी बसायचं

आबा, आणि एवढ्या सगळ्यावर तुम्ही काय म्हणालात, तर "ओके". छावणीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये मला बघायला आलेली माणसं पोहे खाऊन, चहा पिऊन ऐसपैस बसलेली, सासरे सांगतायत की नोएडात नवा सेक्टर झालाय, आपलं दोन खोल्यांचं घर आहे, मुलगा कपड्यांच्या एक्स्पोर्टच्या कारखान्यात चिकटलाय, आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवून एकच शब्द टाकून मोकळे. आई दाराआडून खुणावत होती, एकदा घर तर बघून या. बघितलंत? यमुनेचा पूल ओलांडायचा होता फक्त. गाड्यांच्या ट्रायलला सगळी दिल्ली पालथी घालणारा माणूस, पण पोरीच्या होणाऱ्या घरापर्यंत काही गेला नाही.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तुमच्याकडे तो शब्द स्वस्त नव्हता. वर्कशॉपमध्ये ट्रकचे ब्रेक दुरुस्त झाले की काचेवर खडूने ओके लिहायचं, आणि ज्याने लिहिलं त्यानेच ट्रायलला ड्रायव्हरशेजारी बसायचं, हा तुमच्या उस्तादांचा कायदा. मी डबा घेऊन गेटवर उभी असायची. उस्ताद ओरडतायत, "लिखा है ना? तो बैठ! डरता क्यों है, ससुराल थोड़े जा रहा है!" सगळे हसतायत, तुम्हीही हसताय, पण बसताय. उतारावर गाडी सोडून मध्येच कच्चकन ब्रेक दाबायचे. परत आलात की धुळीने मिशी पांढरी, आणि मला म्हणायचात, "कुणी मेलं नाही. आण डबा." ओके म्हणजे तेच, असं तुम्हीच सांगितलं होतंत. लढाई संपली की गोरे पाटीवर लिहायचे, झीरो किल्ड, शून्य मेले. पहिलं अक्षर शून्याचं, दुसरं मेल्याचं. सातवीत शाळा सुटली माझी, इंग्रजी जे काय आलं ते एवढंच, पण ते पक्कं.

परवा ही गोष्ट लेकीला सांगितली. ती गुडगावला ऑफिसात जाते, तुम्ही तिला बघितलं नाहीत. मोबाइलमध्ये बघून हसत सुटली. "मम्मी, आजोबांची स्टोरी बिल्कुल फेक आहे यार. कुणी म्हणतं पेपरवाले गमतीत ऑल करेक्टचं चुकीचं स्पेलिंग लिहायचे, त्यातून आलं. कुणी म्हणतं दुसऱ्याच कुठल्या भाषेतलं आहे. पक्कं कुणालाच माहीत नाही." मी म्हटलं, माझ्या बापाला माहीत होतं, तू भाजी निवड. हिच्या पिढीत तर तो शब्दही पुरा उरला नाही. रागावली की मला मेसेजमध्ये नुसतं एक अक्षर पाठवते, के. म्हणजे तोंड बंद कर.

सासरी काय होतं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दोन खोल्यांतली एक भाड्याने दिलेली. आणि कणकेच्या डब्याला कुलूप. किल्ली सासूच्या कमरेला. मोजून कणीक काढून द्यायची, माझी पोळी सगळ्यात शेवटी, उरली तर. आबा, ते कुलूप लपवलेलं नव्हतं हो. ओट्यावर समोर होतं. लग्नाआधी घटकाभर येऊन बसला असतात तरी दिसलं असतं. नंतर मलाही त्याच कारखान्यात लावलं. शर्टाचे धागे कापायचे आणि गोल स्टिकर चिकटवायचा, त्यावर छापलेलं ओके. रिळंच्या रिळं. मी शिवण उलटून बघायला लागले की सुपरवायझर खेकसायचा, "मैडम, चिपकाओ, चिपकाओ! पहनना तुमको है क्या?"

आलात एकदा. लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर, थंडीत, कोट घालून. मी चहा ठेवला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि डब्याकडे बघत राहिलात. हात खिशाकडे गेला, जिथे खडू असायचा तिथे. चहा अर्धा टाकलात. मी स्टॉपपर्यंत सोडायला आले. बस आली, पायरीवर पाय ठेवून तुम्ही वळलात आणि म्हणालात, "ओके?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तो शब्द विचारलात. मी म्हटलं, ओके. बस गेली. त्याच हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि तुम्ही गेलात. आई सांगायची, शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून असायचात.

आता लेकीला स्थळ आलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिला आवडलेला, आईबाप गाझियाबादला. सगळी गोड माणसं. तुमच्याकडे आलेलीही गोडच होती. रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे, न कळवता, सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत बसणार. स्वयंपाकघरात बसणार. नवरा म्हणतो हे शोभत नाही. न शोभू दे.

पण एक तुम्हालाच सांगते, घरात कुणाला माहीत नाही. काल मुलाच्या आईचा फोन आला होता. गोड बोलली, मग पक्कं समजू ना म्हणाली, मी दमले होते, गॅसवर दूध होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ओके जी, बिल्कुल ओके. फोन ठेवल्यावर तुमची मिशी दिसली मला.

तेव्हा का नाही आलात, ते आता विचारत नाही. दुसरंच विचारते. त्या दिवशी बसच्या पायरीवर माझं ओके तुम्हाला खरं वाटलं होतं का? चिठ्ठी टाकायला पत्ता नाही, ही पिठाच्या डब्याखाली ठेवते, आपल्या डब्याला कुलूप नाही. पण उत्तर मला रविवारच्या आत पाहिजे. त्या घरात शिरण्याआधी.