परसातला ओढा

रविवार, संध्याकाळ

जिंकले मी! परसातल्या माशांच्या हौदाला जोडलेला ओढा आज दिवसभर वाहिला आणि हौद तसूभरही उतरला नाही. मोटार तेच पाणी फिरवते, हे मामंजींना किती वेळा सांगितलं. पण हौद रोज उतरायचा आणि ते खुर्चीतून टोमणा मारायचे, "गारखेड्यात प्यायला पाणी नाय, आन् सूनबाई ओढे काढायली."

जायचं कुठं पाणी? वळणावरच्या काळ्या दगडामागून, मातीत! दगड जरासा बाहेर कलला होता, एवढंच. सकाळी चिखलात बसून तो आतल्या बाजूला कलवून पक्का बसवला.

आत्ता मोटार बंद करायला गेले, तर मामंजींची खुर्ची ओढ्याकडं वळलेली, पाय त्याच काळ्या दगडावर.

"राहू दे सूनबाई," म्हणाले, "मासे धारेपाशी खेळायलेत."