फीत सोडू नकोस

१२ फेब्रुवारी, सोमवार

परत पाठवली माझी पदवी-मान्यतेची फाइल! तिसऱ्यांदा! आता काय हवं — दुसऱ्या वर्षाला शरीरशास्त्राचे तास किती झाले, ते कॉलेजच्या शिक्क्यासह. अहो, सत्तावीस वर्षं झाली त्याला!

एकोणीस वर्षं मोल्दोवात भूलतज्ज्ञ होते मी. चार दिवसांच्या बाळाला भूल दिली आहे आणि जागं करून आईच्या हातात दिलं आहे. इथे इटलीत, पादोवात मला परवानगी कशाची? म्हाताऱ्या तुलिओकाकांचे पाय धुवायची, त्यांचं सूप गाळायची. त्यांची मुलगी ओर्नेल्ला फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आमची बाई फार चांगली आहे हं." बाई! तळपायाची आग मस्तकात गेली.

कचेरीत खिडकीमागच्या बर्गामिनबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमच्याकडच्या पदव्या नीट तपासाव्या लागतात." तुमच्याकडच्या म्हणजे? आमच्या अख्ख्या गावातून मेडिकलला लागलेली मी एकटी. स्वतःच्या गुणांवर! कुणाच्या मेहेरबानीवर नाही.

१३ फेब्रुवारी

अजून राग गेलेला नाही. सूप करपवलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

स्टेशनामागच्या मैदानात गावाकडची पार्सलं आणणारी गाडी आली. दर रविवारसारखीच झुंबड — पिशव्या, बरण्या, रडारड. ड्रायव्हरनं माझं नाव पुकारलं. आईनं तासांचा दाखला मिळवून पाठवला, शिक्क्यासकट! आणि सोबत एक डबा — चॉकलेटात बुडवलेले सुके आलुबुखार, वर लाल फीत.

फोनवर म्हणाली, "कचेरीतल्या बाईंना दे. रिकाम्या हातानं जाऊ नये गं. आणि फीत सोडू नकोस, जशीच्या तशी दे."

खरंय. आमच्याकडे डॉक्टरकडे, मास्तरांकडे, कचेरीत कुणी हात हलवत जातं का?

तुलिओकाका म्हणाले, "एक तरी मला दे की, डॉक्टरीणबाई!" म्हटलं, साखर बघितली का तुमची?

२० फेब्रुवारी, मंगळवार

दाखला दिला. डबाही. बर्गामिनबाई "नको, नको, चालत नाही" करत होत्या. मी टेबलावर ठेवला आणि सरळ बाहेर पडले. घेतात सगळे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिणार.

कचेरीत बोलावलं. साहेब बसलेले, बर्गामिनबाई शेजारी, मध्ये डबा उघडा. साहेबांनी चॉकलेटखालचा कागद उचलून दाखवला — तीनशे युरो!

"हे काय?"

मला आधी कळेचना. मग कळलं. लाच! मी! चौकशी होईपर्यंत फाइल बंद. म्हणजे दोन वर्षं पाण्यात!

बाई म्हणतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटायला डबा उघडला, तेव्हा सापडले. मी ओरडलेच, "मग रात्रभर डबा कुणाच्या ड्रॉवरमध्ये होता? तुम्हीच ठेवल्या नोटा! मला पाडायला!" त्यांचे ओठ पांढरे पडले. म्हणाल्या, "एकतीस वर्षं नोकरी केली आहे मी." बघा, चोराच्या उलट्या बोंबा!

२४ फेब्रुवारी

तुलिओकाकांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं टपाल वाटलं मी. दुसऱ्याचं पाकीट कधी फोडलं नाही, आणि माणूसही ओळखता येतो मला. तू खोटं बोलणार नाहीस. चल, तक्रार लिही. मी सही करतो."

लिहिली. चार पानं. एकेक शब्द खणखणीत. काकांनी सही पूर्ण नावानं केली.

२६ फेब्रुवारी

तक्रार दिली. पोच घेतली. शिक्का मारून घेतला — मला शिकवलंय ना यांनी शिक्क्यांचं महत्त्व!

आईला यातलं काही सांगितलं नाही. उगाच जीव खाईल.

१ मार्च, शुक्रवार

खिडकीत दुसरीच मुलगी. बर्गामिनबाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय म्हणे. ती मुलगी हळूच म्हणाली, "जाताना रडत होत्या." रडू दे! मी दोन वर्षं रडले, तेव्हा कुणी विचारलं?

काकांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" खूश होते. मीसुद्धा. आज सूपात मीठ बरोबर पडलं.

३ मार्च, रविवार

आईचा फोन. "काय गं, झालं का काम? तू पाठवतेस त्यातलेच साठवले होते तीनशे. कागदाखाली ठेवले, सापडले ना त्यांना?"

मी किंचाळले. कुणी सांगितलं होतं तुला? मी काय अशी डॉक्टर झाले का?

आई अगदी हळू म्हणाली, "अगं, तुझ्या मेडिकलच्या वेळी तर डबा याहून मोठा होता."